फोनवरून ओटी होते का? होते, पण आधी बाजेची उंची बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की बीओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची (ओटीची) पदवी, करून दोन वर्षं मुंबईत काम केलंस, आता घरच्या कारणाने शहाद्याला परत आलीस, आजूबाजूला पन्नास किलोमीटरमध्ये दुसरी ओटी दिसत नाही, तर व्हिडिओ कॉलवर पेशंट बघता येतील का, कोणते घ्यावे कोणते नाही, आणि लोक फोनवरच्या बोलण्याला पैसे देतील का. मी जळगावला बावीस वर्षं हेच काम करतेय, त्यातली शेवटची काही वर्षं फोनवरूनही, म्हणून जरा लांबण लावून लिहिते, चहा घेऊन बस.

आधी नावाचं बघू, कारण फोनवर पहिली पाच मिनिटं यातच जातात. आपण ‘ओटी’ म्हटलं की अर्ध्या बायकांना खण-नारळ आठवतो आणि उरलेल्यांना ऑपरेशन थिएटर. कमलाताई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईत केईएमला देशातली पहिली ओटीची शाळा काढली, आपली ऑल इंडिया असोसिएशन १९५२ ची, आणि चोपड्याला मला अजून ‘फिजिओ मॅडम’ म्हणतात. वाद घालत बसू नकोस. मी एकच वाक्य बोलते, “आजारानंतर जी रोजची कामं अडलीत ती परत करता यावीत म्हणून मी मदत करते, सांगा काय अडलंय?” यावर माणूस जे पहिलं सांगतो ते लिहून घे, पुढची सगळी ट्रीटमेंट त्याच्यावर उभी असते.

आता होतं का? होतं. माझा अनुभव बाजूला ठेव, अभ्यासही आहेत. अमेरिकेत ११ ठिकाणी मिळून १२४ स्ट्रोकच्या पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला, सहा ते आठ आठवड्यांत ७०-७० मिनिटांची ३६ सेशन, काहींना क्लिनिकमध्ये आणि काहींना घरी टेलिरिहॅबने, म्हणजे व्हिडिओवरून थेरपी देऊन, तर हाताची सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखी आली. २०२० च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये, म्हणजे असे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, २२ ट्रायल आणि १९३७ लोक होते, तिथेही रोजच्या कामांच्या बाबतीत समोरासमोरच्या थेरपीत आणि टेलिरिहॅबमध्ये फरक सापडला नाही, पण पुरावा मध्यम ते कमी ताकदीचा आहे हेही तिथेच लिहिलंय. आणि त्या अमेरिकन पेशंटच्या घरी कॉम्प्युटर, टेबल, इंटरनेट, हाताने खेळायची उपकरणं असं सगळं नेऊन बसवलं होतं गं. आपल्याकडे घरात एक फोन, तो मुलाच्या खिशात, आणि मुलगा रात्री थ्री फेज लाइट येते म्हणून पाणी भरायला शेतात. त्यामुळे ‘अभ्यासात सिद्ध झालंय’ म्हणून जशीच्या तशी अपेक्षा धरू नकोस, आणि ‘हात न लावता कसली थेरपी’ म्हणणाऱ्यांचंही ऐकू नकोस. डब्ल्यूएफओटीने, म्हणजे ओटीच्या जागतिक संघटनेने, २०१४ मध्येच टेलिहेल्थवर आपली भूमिका जाहीर करून ठेवलीय, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांना शब्दसुद्धा माहीत नव्हता.

माझा स्वतःचा नियम असा झालाय की पहिली भेट शक्यतो प्रत्यक्ष, मग फोन, आणि मधून मधून परत प्रत्यक्ष. कारण फोनवर काय हातातून जातं ते नीट समजून घे. टोन, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, कळत नाही. मॉडिफाइड अ‍ॅशवर्थ (तो ताठरपणा मोजायची पट्टी) काढायचा तर हात आपल्या हातात पाहिजे, व्हिडिओत ‘कडक दिसतोय’ यापलीकडे काही लिहिता येत नाही आणि लिहूही नये. खांदा निसटलाय का हे दोन्ही खांदे उघडे ठेवून समोरून बघितलं तर अंदाज येतो पण बोटाने चाचपल्याशिवाय खात्री नाही. संवेदना घरच्या माणसाकडून कापसाच्या बोळ्याने तपासून घेता येते, डोळे मिटायला सांगून, पण तो माणूस दर वेळी “लागलं का? लागलं का?” विचारत बोळा लावतो आणि पेशंट प्रत्येक “का” ला हो म्हणतो. सांध्याची हालचाल मात्र बरी कळते, कॅमेरा बाजूने आणि सांध्याच्या उंचीवर असेल तर. बारीक पकड बघायला मी कुठलं किट पाठवत नाही. रुपयाची नाणी ताटात टाकायला सांगते, कपड्याचे चिमटे दोरीला लावायला, तूरडाळीतले खडे वेचायला, काडेपेटीतून एक काडी काढायला. घरात नाही अशी यातली एकही वस्तू नाही.

आणि फोनवर काय हातात येतं तेही ऐक. एक आप्पा होते, अमळनेर तालुक्यातले, साठीच्या आतबाहेर, उजव्या बाजूला लकवा. माझ्या क्लिनिकमध्ये दोन महिने आले, हाताचं चांगलं चाललं होतं, खुर्चीवरून आपल्या आपण उठायचे, सदऱ्याची बटणं लावायचे, मी खूश. मग कापसाचा हंगाम आला, आणणारा मुलगा अडकला, म्हणून व्हिडिओ कॉल सुरू केला. पहिल्याच कॉलला सूनबाईंनी फोन फिरवला तर आप्पा बाजेवर, म्हणजे सुतळीने विणलेली ती जुनी बाज, मधे हा एवढा खोलगट झोळ पडलेला आणि उंची जमिनीपासून फार तर फूटभर. आप्पा त्या झोळात रुतलेले, गुडघे छातीशी. तिथून त्यांना एकदाही एकट्याने उठता येत नव्हतं, दर वेळी सून नाहीतर नातू उजव्या हाताला धरून ओढून उठवायचे. तोच उजवा हात, तोच खांदा, ज्याच्यावर मी क्लिनिकमध्ये दोन महिने जपून काम केलं होतं. आणि बटणांचं म्हणशील तर घरी आप्पा सदरा घालतच नव्हते, दिवसभर बंडी, वरून अडकवायची. क्लिनिकमध्ये येतानाच तेवढा सदरा.

दोन महिन्यांत मला हे कळलं नव्हतं कारण मी विचारलंच नव्हतं. “घरी उठता येतं का?” विचारलं होतं, आणि आप्पा “हाव, उठस ना” म्हणाले होते. कोण उठवतं हे मी विचारायला पाहिजे होतं.

मग त्या दिवशी व्यायाम वगैरे काही झालं नाही. बाजेच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या टाकल्या, हलत होत्या म्हणून नातवाने पायांना खाच पडेल असे लाकडाचे ठोकळे दुसऱ्या दिवशी करून आणले, सुतळी ओढून घेतली, वर फळी आणि फळीवर गोधडी. उंची किती करायची तर बसल्यावर मांड्या जमिनीला समांतर किंवा कुल्ले गुडघ्यांपेक्षा थोडे वर, आणि टाचा पूर्ण टेकलेल्या. हे फोनवरून मला बाजूने दिसत होतं, मी “अजून एक वीट... नको, काढा” असं सांगत होते. अर्धा तास लागला. त्यानंतर आप्पा पाय मागे घेऊन, पुढे वाकून, नाक गुडघ्यांच्या पुढे नेऊन उठले. पहिल्यांदा नाही, चौथ्यांदा. क्लिनिकमधल्या दोन महिन्यांपेक्षा त्या अर्ध्या तासाने त्या खांद्याचं जास्त भलं केलं असं माझं प्रामाणिक मत आहे.

म्हणून कुठलाही नवा पेशंट फोनवर घेतलास की पहिला कॉल घर बघण्यात घालव. माणूस उठतो कुठून, जेवतो कुठे, न्हाणी कुठे, संडास घरात का बाहेर, त्याच्या वाटेत उंबरा किती इंचांचा, रात्री लाइट कुठे लागते. धाब्याचं घर असेल तर आत दुपारीही अंधार असतो, कॅमेऱ्यात काळं दिसतं, तेव्हा दारात या म्हणावं. देशी संडास असेल तर मधून कापलेली प्लॅस्टिकची खुर्ची किंवा कमोड स्टूल, आणि धरायला भिंतीत पाइप. पाइप कुठल्या बाजूला, तर चांगल्या हाताच्या बाजूला, गवंडी त्याला सोयीच्या भिंतीला ठोकून जातो म्हणून मी गवंड्याशीच फोनवर बोलते. हे सगळं आपल्याला कॉलेजात ‘होम व्हिजिट’ म्हणून शिकवलं होतं आणि प्रत्यक्षात किती जणांच्या घरी आपण गेलो सांग बरं.

त्या आप्पांचंच पुढचं. सीओपीएम घेतला, म्हणजे तुम्हाला कोणती कामं यावीशी वाटतात, आत्ता किती जमतात, त्यात समाधान किती, एक ते दहा. आकडे काही केल्या जमेनात. दहापैकी किती म्हटलं की “सात” म्हणायचे, सगळ्याला सात. मग मी आण्यात विचारलं. “आप्पा, रुपयातले किती आणे जमतं?” लगेच उत्तर, “अंघोय बारा आना, जेवन आठ आना, आनि तंबाखू मयाले काहीच नही.” म्हाताऱ्या माणसांना आणा अजून हाडात आहे. मी ते नंतर माझ्या वहीत दहाच्या पट्टीवर बसवते, शास्त्रशुद्ध नाही, त्यामुळे रिपोर्टमध्ये तो अधिकृत स्कोर म्हणून लिहीत नाही, पण महिन्याभराने आठ आण्याचे बारा झाले की पेशंटला आणि मला दोघांनाही कळतं.

आता तंबाखू मळणं हे ध्येय. “माले तंबाखू मयता येवाले जोयजे, बस.” हात बघितला तर अगदी आदर्श काम आहे, एका तळव्याची वाटी करायची, दुसऱ्या अंगठ्याने दाब देऊन गोल फिरवायचं, मग टाळी, मग चिमूट. कुठल्याही पुस्तकातल्या अ‍ॅक्टिव्हिटीपेक्षा सरस. आणि स्ट्रोकच्या माणसाला मी तंबाखू कशी मळायला लावू? सरळ सांगितलं की तंबाखूला माझा नकार, पण हाताची ती चाल मी आणून देते. भाजलेल्या शेंगदाण्यांवर आलो आम्ही. मूठभर दाणे, तळव्यावर चोळून सालं काढायची, फुंकर मारायची, दाणे वाटीत. सूनबाईंना तेवढंच काम कमी, चटणीला दाणे आयते. रोज दोनदा. व्यायाम करा म्हटलं तर आठवड्यात सोडून देणारा माणूस दाणे चार महिने सोलत होता, कारण ते करणं घरात कुणाला तरी पाहिजे होतं.

भाषेचं तुला सांगायला नको, पण शहाद्याहून काम करणार म्हणजे एका कॉलला अहिराणी, दुसऱ्याला गुजर बोली, तिसऱ्याला पावरी नाहीतर भिली. रावेर-यावलकडचे माझे पेशंट लेवा बोलतात. मराठीत विचारलं की लोक ‘हो’ म्हणतात, बोलीत विचारलं की खरं सांगतात. “खांदा दुखस का?” एवढं जरी आलं तरी समोरचा मोकळा होतो.

आता माझी चूक, ही नीट वाच. सुरुवातीचे दिवस होते, एक आजोबा, डाव्या बाजूला कमजोरी, समोर दहा वर्षांचा नातू फोन धरून. मी म्हटलं उभे राहून दाखवा. आजोबा उठले, डावा गुडघा वाकला, आणि नातवाने जे कुणीही करेल तेच केलं, फोन टाकून आजोबांना धरायला धावला. मला स्क्रीनवर फक्त छताचा पंखा दिसत होता आणि आवाज येत होते. साधारण मिनिटभर. आजोबा मागे बाजेवरच बसले होते, लागलं काही नाही, पण ते मिनिट मी अजून विसरलेले नाही. मी बाईच्या जातीची असून मला एवढं सुचू नये की पोराच्या हातात एक तर फोन राहील नाहीतर आजोबा.

तेव्हापासून फोन कुणाच्याही हातात नाही. स्टीलचा मोठा डबा, त्याला टेकून फोन, खाली घसरू नये म्हणून ओलं फडकं. उभं राहायचं, चालायचं असलं काहीही असेल तर घरातला धडधाकट माणूस कमजोर बाजूला उभा, मागे खुर्ची किंवा बाज, खाली पाणी सांडलेलं नाही, पायात सरकणारी स्लीपर नाही, लुंगीचा घोळ वर खोचलेला. आणि कॉल सुरू होतानाच मी दोन गोष्टी वहीत लिहून घेते, पेशंट आत्ता नेमका कुठे आहे म्हणजे गाव आणि घराची खूण, आणि शेजारच्या एका माणसाचा नंबर. माणूस कधी शेतातल्या घरी असतो, कधी मुलीकडे, आणि काही झालं तर १०८ ला पत्ता तूच सांगणार असतेस. कॉल चालू असताना अचानक तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, नवीन हातपाय गळाला तर थेरपी तिथेच बंद आणि दवाखान्यात, कारण गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची वेळ साधारण साडेचार तासांची, आणि आपल्याकडे त्यातले दोन तर गाडी शोधण्यात जातात.

मालिशवाल्यांबद्दल पण लिहिणार होते पण मग हे उत्तर संपायचं नाही. एवढंच की घरी कुणी येऊन हात डोक्यावर ओढतो का हे दर पंधरा दिवसांनी विचार. लोक आपण होऊन सांगत नाहीत.

मुलांचं वेगळं आहे आणि माझ्या मते फोनवर सगळ्यात चांगलं हेच चालतं, कारण मुलांमध्ये तसंही तू आईला शिकवत असतेस. अक्कलकुव्याच्या वर, मोलगीकडच्या एका पाड्यावरची सेरेब्रल पाल्सीची मुलगी, चार वर्षांची. घरात नेट नाही, टेकडीवर एका झाडाखाली दोन काड्या येतात. तिथे लाइव्ह कॉल काय करणार. मग आशाताईंच्या फोनवर आईने मुलीला भरवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा, आशाताई बाजाराला खाली आल्या की तो मला यायचा, मी बघून पावरी येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडून उत्तर बोलून घेऊन ऑडिओ पाठवायचे. उत्तराला कधी चार दिवस, कधी आठ. पहिल्या व्हिडिओत मुलगी आईच्या मांडीवर आडवी, मान मागे पडलेली, आणि आई वरून पातळ भात तोंडात सोडतेय. मान मागे गेली की घास श्वासनळीत जायला वाट मोकळी होते, आणि मुलीला सारखा खोकला का हे तिथेच दिसलं. हे मला कुठल्याही क्लिनिकमध्ये दिसलं नसतं, क्लिनिकमध्ये आया बिस्किट भरवतात, मांडीवर नीट बसवून.

उपाय कोपरा. घराच्या दोन भिंती जिथे मिळतात तिथे मुलीला बसवायचं, दोन्ही खांदे भिंतींमुळे आपोआप पुढे येतात, कुल्ल्यांखाली आणि बाजूंना गोधडीच्या घड्या, पाय पुढे, आईने समोर आणि मुलीच्या डोळ्यांच्या खाली बसायचं म्हणजे हनुवटी आपसूक थोडी खाली येते. चमचा छोटा, घास घट्टसर, एक गिळला की दुसरा. दुसऱ्या व्हिडिओत गोधडीच्या घड्या उलट्या बाजूला होत्या, तिसऱ्यात बरोबर. पण यासोबत मी आशाताईंना हेही सांगून ठेवलं होतं की खाताना नीळसर पडणं, खाल्ल्यावर आवाज ओला-घरघरणारा होणं, वारंवार ताप-न्यूमोनिया, वजन न वाढणं यातलं काहीही असेल तर माझ्या व्हिडिओची वाट बघायची नाही, जिल्ह्याला न्यायचं. गिळण्याचा खरा त्रास व्हिडिओवर सोडवायचा विषय नाहीये.

ऑटिझम आणि एडीएचडीवाल्या मुलांच्या आया तुला सगळ्यात आधी फोन करतील, कारण त्या गूगल करतात. त्यांना पहिलं सांग की मूल स्क्रीनकडे बघणार नाही, बघायची गरजही नाही, फोन कोपऱ्यात ठेवा आणि रोजचं चालू द्या. आंघोळ, कपडे, जेवण, या तीन वेळा बघितल्यास तरी महिन्याचं काम मिळतं. कळण्याचं पीठ मळू देत, परातीत ज्वारी उपसू देत, पाण्याची कळशी अर्धी भरून उचलू देत. धुळ्याच्या एका मुलाला सारखं गरगर फिरायचं वेड, आई वैतागलेली, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी झोका बांधलेला त्यावर तो अर्धा तास शांत बसला हे तिनेच फोनवर सहज सांगितलं. मग शहरातल्या घरात हुकाला साडीचा झोका बांधून घेतला, अभ्यासाआधी दहा मिनिटं, पुढे-मागे, गरगर नाही. हुक छताला पक्का आहे का ते आधी मोठ्या माणसाने लोंबकळून बघायचं.

फोनवर घेऊच नको असे पेशंट. कुट्टी मशीनमध्ये नाहीतर थ्रेशरमध्ये हात जाऊन टेंडन (स्नायूची दोरी) शिवलेले, पहिले काही आठवडे. स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, हातावरच बनतो, त्याचे कोन मोजून, आणि ताजा टेंडन चुकीच्या एका ओढीत तुटतो. त्यांना सर्जन असतील त्या गावाला पाठव, हात बसला की मग फोनवर फॉलो-अप घे, तोही रोज एक फोटो मागून, बोटांचा रंग, सूज, पट्टा रुततोय का. तसंच ज्याचं बीपी अजून वरखाली आहे, जो वरचेवर पडतो, ज्याला फिट येतात आणि घरात दिवसभर कुणी नाही. आणि भाजलेल्या जखमेनंतरची ताजी कातडी. या लोकांना नाही म्हणायला शीक, ‘फक्त बघून तर सांगा’ म्हणत गळ घालतात.

कायद्याचं थोडक्यात. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनच्या गाइडलाइन्स काढल्या त्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत, त्याचा आधार घेऊन आपण औषधाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, “बीपीची गोळी अर्धी करू का मॅडम” हा प्रश्न दर आठवड्याला येतो. पण त्यातली संमतीची रीत मी उचललीय: पेशंटने आपण होऊन कॉल केला तर संमती धरली जाते, आपण कॉल केला तर स्पष्ट विचारून घ्यायची. मी दोन्ही वेळी विचारते आणि “हो चालेल” असा त्यांचा व्हॉइस मेसेज जपून ठेवते. महाराष्ट्राच्या ओटी-फिजिओ कौन्सिलचं तुझं रजिस्ट्रेशन चालू ठेव, नंबर प्रत्येक लेखी प्लॅनवर टाक. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात ओटी आहे, लोकांनी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. आणि व्हिडिओ. आंघोळीचे, संडासचे, कपडे घालतानाचे व्हिडिओ लोक विश्वासाने पाठवतात. माझा कामाचा फोन वेगळा आहे, त्यात गॅलरीत आपोआप सेव्ह होणं बंद, नोट्स लिहून झाल्या की व्हिडिओ डिलीट, आणि पूर्ण अंगावर कपडे असतानाच काढायला सांगते, न्हाणीत कसं जातात ते कपड्यांसकट करून दाखवलं तरी मला कळतं. बायकांच्या बाबतीत फोन कुणाचा आहे हे आधी विचार. दिराच्या फोनवर वहिनी काहीच बोलणार नाही.

पैसे. देतात, पण सल्ल्याला देत नाहीत, कागदाला देतात. नुसतं बोलून कॉल ठेवला तर “डॉक्टरांशी बोलणं झालं” एवढंच राहतं. कॉल संपला की त्याच दिवशी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात तीन कामं लिही, तीनच, कधी करायची ते घड्याळात न लिहिता ‘चहानंतर’, ‘दुपारच्या जेवणाआधी’ असं, सही, रजिस्ट्रेशन नंबर, फोटो काढून पाठव. ते पान भिंतीला चिकटतं. मी कॉलचे क्लिनिकच्या निम्मे घेते आणि आधी घेते, चार कॉलचे एकदम, यूपीआयने. फुकट सुरू केलंस की नंतर मागताना तूच ओशाळशील. पाड्यावरच्यांकडून घेत नाही, ते माझं मी ठरवलंय, तुझं तू बघ.

वेळा मात्र आपल्या मुलुखाप्रमाणे लाव. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी पत्र्याच्या घरात फोन एवढा तापतो की कॅमेराच बंद पडतो, पेशंटची तर गोष्टच सोड, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ. पावसाळ्यात पेरणीचे पंधरा दिवस विसर. आणि कापूस वेचणी सुरू झाली की दुपारचे कॉल सरळ बंद ठेव, रात्री जेवणं झाल्यावर घे, तेव्हा सून मोकळी असते आणि फोनही घरात असतो.